मानाची आरती

जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या आमच्या गावात मंडळाचा गणपती शाळेच्या जिममध्ये बसायचा. तिथे ज्योत पेटवायला बंदी. पहिल्या वर्षी आम्ही बॅटरीच्या दिव्यांवर आरती केली, तेव्हा मला चक्क रडू आलं होतं. मग नगरपरिषदेतले एक वयस्क सदस्य आमच्यासाठी तिथल्या हाउसमाइस्टरशी, म्हणजे शाळेची इमारत सांभाळणाऱ्या माणसाशी भांडले, स्वतः पाण्याची बादली घेऊन शेजारी उभे राहिले आणि निरांजन लागलं. पुढच्या वर्षीची मानाची आरती त्यांच्याच हातून करायची, हे तिथेच ठरलं.

ते पुढचं वर्ष आलं. गणपती तोंडावर असताना गावातल्या फुकट वाटल्या जाणाऱ्या पेपरात त्यांचा फोटो आला, स्टेशनमागच्या होस्टेस बारमधून बाहेर पडतानाचा. बातमी दोन ओळींची, पण आमच्या मंडळाला तेवढी पुरली.

रविवारी अध्यक्षांच्या घरी बैठक भरली. पोहे खाता खाता एका माणसाच्या अब्रूचे वाभाडे काढणं चाललं होतं. "पॉलिटिशियन सगळे इथून तिथून सारखेच!" "असल्या माणसाच्या हातात आरतीचं ताट? मुलांना काय सांगायचं?" पुण्यात नगरसेवकाच्या दारात हार घेऊन उभी राहणारी हीच माणसं. माझं डोकं तापलं.

"त्यांना एकदा विचारा तरी," मी म्हटलं.

"विचारायचं काय वहिनी? फोटो आहे ना!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," आणखी कुणीतरी म्हणालं.

माझ्या शेजारी आमच्यातली एक मैत्रीण बसली होती. घटस्फोटानंतर कार्ल्सरूहे सोडून ती मुलीला घेऊन आमच्या गावात आली होती. मोदकाची उकड तिच्यासारखी कुणाला जमायची नाही. हॉटेलात नोकरी करते, एवढंच आम्हाला ठाऊक. तिने बशी खाली ठेवली.

"दादा, त्यांना तिथे मी बोलावलं होतं. मी त्याच बारमध्ये काम करते."

ती अध्यक्षांकडेच बघत बोलत राहिली. "कस्टमरशी बसून बोलायचं, त्यांना ड्रिंक्स घ्यायला लावायचं, हा माझा जॉब. तिथे काम करणाऱ्या काही मुली वरच्या खोल्यांत राहतात. गरम पाणी नाही, भिंतींना बुरशी. मालक ऐकेना, म्हणून मी ह्या साहेबांना म्हटलं, एकदा येऊन बघा. ते दुपारी आले, बघून गेले. आल्झो, म्हणजे एवढंच."

मी तिचा हात धरला. गप्प बसली असती तर तिला काहीही झालं नसतं, आणि हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नमस्कारांचा पाऊस. साहेब म्हणजे देवमाणूस, आम्हाला आधीपासून खात्रीच होती वगैरे. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. दोन दिवसांनी मोदकांची कामं वाटली गेली, त्यात ती नव्हती. मी अध्यक्षांना फोन केला.

"पर्सनल काही नाही वहिनी, पण फॅमिलीज येतात हो."

"तिला आणि तिच्या मुलीला काय म्हणतात मग?" मी ओरडले. त्यांनी फोन ठेवला.

तिने मात्र मलाच समजावलं. "भांडू नका वहिनी. पोरीला शाळेत आपल्याच मुलांनी विचारलं, आई काय करते म्हणून. आम्ही यंदा घरीच बसवतो."

आरतीच्या दिवशी साहेब आले ते कुणीतरी भेट दिलेला कुर्ता घालून. आल्या आल्या त्यांनी बादली भरून कोपऱ्यात ठेवली. ताट हातात घेतलं, निरांजन लागलं, आणि त्यांची नजर बायकांवरून फिरली.

"त्या दिसत नाहीत?" त्यांनी विचारलं. कोण, ते सगळ्यांना कळलं.

"बरं नाहीये त्यांना," अध्यक्ष जर्मनमध्ये म्हणाले.

"बरी आहे ती," मीही जर्मनमध्येच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आम्ही तिला बोलावलं नाही. तिच्या नोकरीमुळे."

ज्योत विझू नये म्हणून आडोशाला हात धरून साहेबांनी ताट जपून अध्यक्षांच्या हातात दिलं. गणपतीसमोर मान झुकवली, दाराशी जाऊन बूट घातले आणि ते निघून गेले.

मानाची आरती त्यांच्याशिवायच झाली, बैठकीत आधी ठरत होती तशी.