शालिकच्या पिकअपची उंची

टायरच्या दुकानात माणूस घाईत येतो आणि मग रिकामा बसून राहतो. चाक खोललं की त्याला कुठे जाता येत नाही, आणि जाता आलं नाही की तो बोलायला लागतो. तुमसरला दुकान टाकून मला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून जुने टायर आणि किस्से, दोन्ही मागच्या बाजूला साचत गेलेत. टायरांना निदान भंगारवाला तरी गिऱ्हाईक आहे! किस्से कोणाच्या गळ्यात मारायचे? आज तुम्ही सापडलात.

यंदाचे बहुतेक किस्से एकाच गाडीचे आहेत. गाडी शालिकची, पांढरी पिकअप. त्याचं गाव इथून अर्ध्या तासावर. वर्षभर तो धान, बारदाना, मंडपाचं सामान, जे मिळेल ते वाहतो. पण त्याचा खरा हंगाम पावसाळ्यातला. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत बायांची टोळी या गावाहून त्या गावाला शेतावर न्यायची आणि आणायची. टोळीची मुख्य कौतिकाबाई. ती ज्या गाडीत पाय ठेवेल ती टोळीची गाडी! टोळी सुटली तर शालिकचा हंगाम बुडाला. शिवाय गावात तोंड दाखवायची पंचाईत, कारण त्या टोळीत त्याची बायको रंजनासुद्धा आहे.

माझ्या दुकानाला लागून गुलाबभाऊंचं कमानीचं काम. गाडीखाली लोखंडी पाट्यांची कमान असते ना, ती बसली की उठवायची, तुटली की जोडायची, हा त्यांचा धंदा. माणूस कमी बोलतो, पण जे बोलतो ते गिऱ्हाइकाला घरी जाईपर्यंत पुरतं.

*

तर मागच्या पावसाळ्यात शालिकची पिकअप पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, फसली. दोन बाजूंना चाकांच्या खोल चाकोऱ्या, मध्ये मातीचा उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं. चाकं नुसती हवेत फिरायला लागली. बाया उतरल्या, गाडी ढकलली, चिखलानं माखल्या. कौतिकाबाई म्हणाली, "शालिक, गाडीनं आमाले न्याचं का आमी गाडीले न्याचं, हे येकदा ठरव बाप्पा!"

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. या उन्हाळ्यात तो मोबाइल घेऊनच आला. त्यात व्हिडिओ. परदेशातली एक पिकअप, कमरेइतके टायर, डोंगरावर सरसर चढते आहे. "गुलाबभाऊ, मले अशी पायजे. चार इंच उचला, अन टायर मोठे टाका!"

गुलाबभाऊंनी हातातला हातोडा खाली ठेवून पूर्ण व्हिडिओ पाहिला. मग विचारलं, "याच्यात माल काय भरला हाय?"

"माल? काईच नाई."

"मंग चढनच ना बे!"

*

टायर कोणते घ्यायचे, यावर माझ्या दुकानात आठवडाभर चर्चासत्र चाललं. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांनीही मत दिलं. मी सांगितलं, एक साइज मोठा घे, नक्षी जाड घे, चिखलाला तेवढं पुरे. फार मोठा घेतलास तर वळताना मडगार्डला घासेल. शिवाय पासिंगच्या वेळी हे सगळं उतरवावं लागेल. शालिकनं सगळं मन लावून ऐकलं आणि दोन साइज मोठे घेतले.

बसवले. त्यानं स्टिअरिंग डावीकडे कापलं. खर्रर्र!

"आवाज कायचा येऊन राहिला?"

गुलाबभाऊ म्हणाले, "टायरची अन मडगार्डाची ओळख होऊन राहिली."

आता घासतं म्हणून कमानीत पाटे वाढवले, कमान टांगायचे शॅकल लांब केले, गाडी आणखी वर उचलली. घासणं थांबलं. शालिक चार पावलं मागे गेला, मान तिरकी करून पाहिलं आणि चेहरा पडला. "भाऊ, आता टायर बारीक दिसून राहिले!"

मी म्हटलं, "शालिक, इथंच थांब. याच्यापुढे ट्रॅक्टर लागतो."

*

त्यानंतर एक दिवस तो फार खुशीत आला. म्हणाला, "टायरवाले भाऊ, तुमच्या टायरनं कमाल केली! लाखांदूर जवळ आलं!"

लाखांदूर त्याची सासरवाडी. जाऊन आला तर मीटरवर दर खेपेपेक्षा चांगले आठ-दहा किलोमीटर कमी भरले. मी त्याला समजावलं, की बाबा, मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो, मीटरला ते कळत नाही, ते आपले जुन्या टायरचेच फेरे मोजतं. लाखांदूर होतं तिथंच आहे.

शालिकला हे पटलं नाही. त्यानं घरी जाऊन रंजनाला सांगितलं, की मोठ्या टायरमुळे तुझं माहेर जवळ आलं.

रंजना भाकरी थापत होती. तिनं मानही वर केली नाही. "बरं झालं," म्हणाली, "मंग आता महिन्यातून दोनदा न्या!"

*

आता राइस मिलचा किस्सा. कोणती मिल ते विचारू नका, तुमसरला मिलांना तोटा नाही. या मिलच्या फाटकावर लोखंडी आडवी पट्टी आहे. शालिकच्या गाडीला मागे ताडपत्रीसाठी पाइपचा सांगाडा. धानाचे कट्टे डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, ठासून भरलेले, म्हणजे कमान दबलेली. गाडी पट्टीखालून बोटभर जागा ठेवून आत गेली. शालिक खुश.

हमालांनी माल उतरवला. गाडी रिकामी झाली. आणि गुलाबभाऊंनी घातलेले नवे पाटे हळूहळू आपल्या मूळ स्वभावावर आले. गाडी वर उठली! बाहेर निघताना सांगाडा पट्टीला अडकला, ना पुढे ना मागे. त्यात मागून भोंगा वाजवणारे दोन ट्रक, समोरून शिव्या देणारा तिसरा.

शालिकनं मला फोन केला. मी म्हटलं, टायरची हवा सोड. म्हणाला, नव्या टायरची हवा? जीव गेला तरी नाही! मग मी फोन गुलाबभाऊंना दिला. ते म्हणाले, "वजनानं आत गेली ना? मंग वजनानंच काढ."

धान परत भरणं कोणी मान्य केलं नसतं. मग शालिकनं हमालांच्या हातापाया पडून सगळ्यांना डाल्यात बसवलं. पंधरा-वीस गडी एकमेकांच्या मांडीवर. कमान दबली. गाडी डौलात पट्टीखालून सुटली, आणि चौकीदारानं हात आडवा केला.

"गाडी रिकामी जाऊन राहिली म्हनाले होते. बाहेर जानाऱ्या मालाचा पास दाखवा!"

*

हसण्यावारी नेलं ते इथपर्यंत. मग रोवणी लागली.

पहिल्या दिवशी सकाळी शालिकनं गाडी धुऊन, हार घालून चौकात उभी केली. बाया आल्या. हातात डबे, कमरेला खोचलेले पदर. आधी त्या चाकावर पाय ठेवायच्या, कडीला धरायच्या आणि वर यायच्या. आता चाकच गुडघ्याच्या वर! एकीनं पाय उचलून पाहिला, दुसरीनं लुगडं सावरून पाहिलं. दोघी खाली उतरल्या. चौकात पानठेल्यावर गडीमाणसं बसलेली, ती इकडे पाहून राहिलेली.

कौतिकाबाईनं गाडीला एक फेरी मारली. "गाडी तं वाढवली बापू. आता आमचे पाय कोन वाढवन?"

शालिक म्हणाला, "काकू, तुमच्यासाठीच तं उचलली. पांदनीत फसाची नाई आता!"

"फसन तवा फसन. आदी बसाचं तं जमलं पायजे!"

त्यानं धावत जाऊन घरून शिडी आणली. ते तर आणखी वाईट झालं. कौतिकाबाई म्हणाली, "आमी काय माळ्यावर कांदे काढाले चाललो?" तेवढ्यात मारोती आला. मारोतीची पिकअप जुनी, खाली बसलेली, पत्रा खडखड वाजणारा. पण पाय उचलला की माणूस आत! टोळी त्यात बसली. शेवटी रंजना उभी राहिली. शालिक तिच्याकडे पाहत होता.

"बाया जितं, मी तितं," ती म्हणाली आणि मारोतीच्या गाडीत चढली.

खरं सांगतो, हे ऐकून मला वाईट वाटलं. माणसानं ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्याच निघून गेल्या, आणि तेही भर चौकात, बायकोसकट. पुढे कित्येक दिवस शालिक माझ्या दुकानात येऊन नुसता बसायचा. चाक खोललेलं नसतानाही. हार वाळून काचेवरच होता, तो काढायचंही त्यानं मनावर घेतलं नाही. गुलाबभाऊ त्याला दोनदा म्हणाले, "पाटे काढून देतो, पैसे नको." शालिक म्हणायचा, "आता काढले तं लोकं आनखी हासतीन."

*

आणि आता शेवटचा. यातला अर्धा शालिकनं सांगितला, अर्धा मी डोळ्यांनी पाहिला.

रोवणी अर्ध्यावर आली होती. दुपारपासून झड लागली, म्हणून टोळीनं काम लवकर आटोपलं. परतताना तलावाच्या पाळीजवळ, उंच बांधापाशी, मारोतीची गाडी फसली. तोच प्रकार, मध्ये उंचवटा आणि त्यावर पोट. बाया उतरून पाळीवर उभ्या राहिल्या. ढकलायला एकही गेली नाही. रंजनानं शालिकला फोन लावला आणि एकच शब्द बोलली, "या."

शालिक गेला. त्या चिखलातून त्याची गाडी अशी आली, की मारोतीनंही तोंडात बोट घातलं. कुठे घसरली नाही, कुठे टेकली नाही. पण बाया बसणार कशा? कौतिकाबाईनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पायाखालच्या पाळीकडे. "शालिक, मांगं घे. आनखी घे. हां, बस!"

डाला पाळीला भिडला. मागची फळी पडली आणि टोळी पाय न उचलता सरळ चालत गाडीत गेली.

गाडी गावात आली. चौकात थांबली. कोणी उतरेना! तिथे ना पाळ, ना ओटा, आणि पानठेल्यावर तीच गडीमाणसं. शालिक म्हणाला, "काकू, उतरा ना जी."

"इतं कायले उतरू? घरापाशी लाव!"

मग शालिकनं एकेकीच्या घरी जाऊन गाडी उलटी घेतली आणि डाला ओट्याला टेकवला. बाई डाल्यातून निघाली, ओट्यावर पाय ठेवला, घरात गेली. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं उठून जागा करून देत होती. एक सासू तर म्हणाली, "इतल्या वर्साच्या रोवनीत मले कोनी दारात नाई सोडलं व!" कौतिकाबाई आपल्या ओट्यावर उतरली आणि वळून म्हणाली, "उद्यापासून हेच गाडी. सकारी दारात आनजो!"

शालिकनं तिथूनच आम्हाला फोन केला. टोळी परत आली, म्हणाला. गुलाबभाऊंनी त्या आनंदात माझ्या पैशानं चहा सांगितला.

आता गाडीत एकटी रंजना उरली. शालिकच्या घराला ओटा नाही. होता, पण पिकअप अंगणात घुसावी म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच तोडला. त्यानं अंगणात गाडी उभी केली, मागे गेला आणि दोन्ही हात पुढे केले. "ये, धरतो."

"गल्ली पाहून राहिली," रंजना म्हणाली आणि डाल्यात मांडी घालून बसली.

आम्ही दुकान बंद करायच्या आत गाडी दुकानापुढे येऊन थांबली. चिखलानं भरलेली, दिवे लागलेले. शालिक खाली उतरला.

"गुलाबभाऊ, पाटे काढा."

"काहून बे? आत्ता तं म्हने टोळी परत आली!"

"आली."

"मंग?"

शालिक काचेवरचा वाळलेला हार काढायला लागला. गुलाबभाऊंनी पाना उचलला, गाडीखाली वाकून पाहिलं. "बरं, किती काढू?"

डाल्यातून आवाज आला, "मले उतरता येईन इतके!"