चौकटीतले बोट

१२ जून, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. चितेगावच्या कारखान्यात प्रेसखाली सापडून अनामिकेच्या मधल्या सांध्याचा चुरा झालेल्या बाई माझ्याकडे, रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात, तपासणीला आल्या. शल्यचिकित्सकांनी बोटात आडव्या तारा घालून बाहेरून रबरांची चौकट बसवली होती. या ताणामुळे हाडे जुळत असतानाही बोट वाकवता येते. किंबहुना वाकवावेच लागते. बाईंनी मात्र ते प्लास्टरसारखे समजून दोन आठवडे रुमालात जपले होते. मी बोट वाकण्याचा कोन मोजला, तो पंधरा अंश भरला. सांधा असाच आखडला तर यंत्रावरचे काम सुटणार होते. मी सांध्याची रचना समजावू लागले, तशा बाई रडू लागल्या.

तेव्हा आमच्या विभागात मलमपट्टी करणारे ड्रेसिंगचे काका पुढे आले. प्रत्येक नवे रबर आधी स्वतःच्या अंगठ्यावर ताणून पाहणारे, आणि रुग्णाच्या बोटाविषयी घरच्या आळशी माणसासारखे बोलणारे.

"लई लाड केले ह्याचे, ताई. आता कामाला लावा." त्यांनी स्वतःचे बोट बाईंच्या दुखऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवले. "धरा. मोडंल इतकं दाबा. माझं मोडलं तर मॅडम हायेत इथं."

"दुखंल ना, काका."

"दुखंल की. तुटायचं नाय."

बाई रडता रडता हसल्या आणि बोट वाकू लागले. काका बोटाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर होती. कपाळावर आठी पडली की ते थांबत, ती विरली की मान हलवत. इतके अचूक मोजमाप माझ्या कोनमापकाला जमत नाही.

अकरा वाजता मी पुन्हा नोंद केली: अडतीस अंश.