माझ्या वाटणीची ओळ

आमच्या कॉलनीतल्या निवृत्त मंडळींचा फोनवर एक गट आहे. दर रविवारी तिथं प्रत्येकानं लिहायचं असतं की सध्या तुम्ही काय ऐकता आणि का ऐकता. कुणी मोठ्या गवयाची मैफल टाकतं, कुणी सतार, कुणी जुनी नाट्यगीतं. मी तीन रविवार गप्प बसले. मी जे ऐकते ते कुणी ऐकलं तर म्हणेल, बाई, यात खरखर जास्त आणि गाणं कमी. शिवाय का ऐकते हे सांगायचं तर मला स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागते. पण वय झालं, आता लाज जपून तरी काय करायचं. म्हणून बसून सविस्तरच लिहिते आहे.

मी ऐकते ती एक कॅसेट आहे. म्हणजे मुलीनं आता ती फोनमध्ये भरून दिली आहे, पण माझ्यासाठी ती कॅसेटच. आमच्या भजनी मंडळाची, दुष्काळातल्या एका गुरुवारची. त्या भजनात मी नाही.

तेव्हा आमची वस्ती शहराच्या टोकाला होती. आज जिथं चार-चार मजली इमारती आणि मोबाइलची दुकानं आहेत तिथं ज्वारीची रानं होती, आणि रानांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडणं चालू होतं. यजमान पैठण रस्त्याला चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, बोअर घेतली, आणि पुढच्या दोन वर्षांत पाऊस असा पळाला की बोअरमधून नुसती हवा यायची. सगळी वस्ती टँकरवर आली. टँकर यायचा गुरुवारी चार वाजता, आणि आमचं भजनही गुरुवारी चारलाच. बायकांनी काकूंना विनवलं की भजनाचा वार बदलू. काकू म्हणाल्या, "देवाचा वार बदलायचा नाय. टँकरवाल्याला सांगा वार बदलायला." विषय संपला.

काकू म्हणजे मंडळाच्या प्रमुख. वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि गळा असा की पेटीनं त्यांच्या मागून यावं. मंडळाची पद्धत अशी होती की भजनात प्रत्येकीच्या वाट्याला एक ओळ यायची. तिनं ती एकटीनं म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती उचलायची. माझी ओळ आली की मृदंग वाजवणाऱ्या बाई खाली मान घालून हसायच्या. मी बेसूर आहे. थोडी नाही, चांगलीच. माहेरी तर मला आरतीलाही नुसत्या टाळ्या वाजवायला सांगत.

टँकर सुरू झाल्यावर पहिले दोन गुरुवार पाळीपाळीनं एकेक बाई ड्रमांच्या रांगेत थांबली. दोन्ही वेळा भांडणं झाली, ड्रम उलटले, पाणी मातीत गेलं. तिसऱ्या गुरुवारी मला उभं केलं. माझं तोंड कसं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकानंही रांग मोडली नाही, आणि ड्रायव्हरसुद्धा मला बघून पाइप मुकाट्यानं पहिल्या ड्रममध्ये सोडायला लागला. काकूंनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, "आता तूच थांबत जा पोरी. तुझ्याबिगर पाणी मिळायचं नाय." बाकीच्या बायांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र एकच अर्थ लागला. यांना माझा आवाज नको होता आणि टँकर आयता मिळाला.

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी उन्हात ड्रम राखायची, आणि देवळाच्या पत्र्याखालून टाळांचा आवाज यायचा. भजन संपलं की काकू पदराला हात पुसत यायच्या आणि एक कॅसेट हातात ठेवायच्या. त्यांच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता, त्यावर त्या सगळं भजन भरून घ्यायच्या, खास माझ्यासाठी. "घरी जाऊन ऐक गं." मी "हो" म्हणायची आणि घरी येऊन कॅसेट बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. एकही ऐकली नाही. मला बाहेर ठेवायचं आणि वर बाहेर ठेवल्याची कॅसेट द्यायची, हे मला जखमेवर मीठच वाटायचं. यजमान कधीतरी म्हणायचे, "लाव तरी एकदा, काकूंचा आवाज कानावर पडेल." एका मंगळवारी सकाळी त्यांनी त्या डब्यातली एक कॅसेट काढली तेव्हा मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. म्हणाले, "तुझा राग देवावर आहे की काकूंवर, एकदा ठरव." मी म्हटलं, "दोघांवर. आणि मध्ये बोलणाऱ्यावरही." ते काही न खाता जेवणाचा डबा घेऊन कामावर गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी पैठण रस्त्यावर बैलगाडीला चुकवताना त्यांची लुना घसरली आणि डोकं दगडावर आपटलं.

सरकारी दवाखान्यात त्यांना पाहिलं तेव्हा अंगावर मोठी जखम नव्हती. झोपल्यासारखे दिसत होते, फक्त हाक मारली तर उठत नव्हते. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे, औषधं चालू आहेत, वाट बघायची. बुधवार गेला, गुरुवार गेला. मुलगी नणंदेकडे ठेवली होती. मी कॉटशेजारी बसून देवाला हात जोडायचा प्रयत्न करायची आणि हात जुळायचे नाहीत. कोणत्या तोंडानं मागायचं? माझ्या मनात येत होतं की वर कुणी नसेलच, आणि असेल तर त्यालाही माझा आवाज नको असेल. वॉर्डातली सिस्टर मला म्हणाली, "नुसत्या बसू नका ताई. बोला त्यांच्याशी. माणूस बेशुद्ध असला तरी कधी कधी ऐकत असतो." पण आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं. तोंड उघडलं की रडू यायचं, शब्द यायचा नाही. उभ्या वस्तीला दटावणारी मी, माझ्या माणसाशी मला बोलता येईना.

शुक्रवारी सकाळी काकू आल्या. पिशवीत भाकरी-पिठलं आणि एक कॅसेट. "कालची हाय," एवढंच म्हणाल्या. यजमानांच्या कपाळाला हात लावला आणि गेल्या. खरं सांगते, मला संताप आला. माझा माणूस इथं पडलेला आणि या तिकडं भजन करून, ते भरून घेऊन आल्या. कॅसेट मी उशीखाली सारली.

शेजारच्या कॉटवर फर्दापूरच्या एका माणसाचा भाऊ होता. हा माणूस लेण्यांपाशी रंगीत दगड विकायचा. भावासाठी त्यानं एक छोटा टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर दिवसभर हळू आवाजात कव्वाली चालायची. त्या दुपारी भावाला घरी सोडलं. सामान बांधता बांधता तो माझ्याकडे आला आणि टेप माझ्या स्टुलावर ठेवला. "बाई, ये रखो. मेरे भाई का काम हो गया. तुमारे मियाँ को कुछ तो भी सुनाव."

मी म्हटलं, "वापस कैसे करूँ? आपको तो मैं पहचानती भी नहीं."

"फर्दापूर में पूछो, पत्थरवाला किधर बैठता. जल्दी नक्को करो. पहले मियाँ को चलते करो."

तो गेला. समोर टेप, उशीखाली कॅसेट. दोन्ही मी मागितलेलं नव्हतं. सिस्टरचं बोलणं आठवलं, आणि मला बोलता येत नाही तर निदान काकू तरी बोलू देत, असं म्हणून मी ती लावली. दीड वर्षात पहिल्यांदा.

आधी नुसती खरखर, मग काकूंचं बोलणं, "आज आपल्या पोरीच्या मालकासाठी म्हणायचं," मग टाळ, मग काकूंचा गळा. विठ्ठलाचं साधं भजन, आम्ही नेहमी म्हणायचो तेच. एकेकीची ओळ येत होती, सगळ्याजणी ती उचलत होत्या. इतक्यात मागून हॉर्न वाजला. तो हॉर्न मी झोपेतही ओळखला असता, तो आमचा टँकर होता. मी नकळत ताठ झाले. रांगेत आज कोण आहे? कॅसेटमध्ये एकही पाऊल वाजलं नाही, पेटी थांबली नाही. हॉर्न तीन-चारदा वाजला, मग टँकर वळून जाताना त्याचं इंजिन ऐकू आलं. आठवड्यानं आलेलं पाणी निघून जात होतं, घरोघरी पोरंबाळं होती, आणि त्यातली एकही बाई उठली नव्हती. माझ्या माणसासाठी बसून राहिल्या होत्या. मी पदर तोंडात कोंबला.

आणि मग ती जागा आली. एका बाईची ओळ झाली, सगळ्यांनी उचलली, आणि काकूंचा आवाज आला, "हं, म्हण गं पोरी." त्यापुढे कुणीच काही म्हटलं नाही. पेटी चालू, मृदंग चालू, टाळ चालू, आवाज मात्र कुणाचाच नाही. बरोबर एका ओळीएवढं. मग सगळ्याजणींनी ती ओळ उचलली. जी कुणी म्हटलीच नव्हती ती, जणू मी म्हटली आहे अशा थाटात.

मला कळायला वेळ लागला. कॅसेट मागे फिरवून पुन्हा ऐकली. दुसऱ्या भजनातही तेच, तिसऱ्यातही तेच. माझी ओळ जिथं यायची तिथं जागा रिकामी. चौथ्या भजनाला काकू म्हणाल्या, "म्हण गं पोरी," आणि मी म्हटली. भरदुपारी, वीस कॉटांच्या वॉर्डात, होता तो आवाज लावून. तीन दिवस अडकलेला शब्द फुटला. समोरच्या म्हाताऱ्यानं कूस बदलून माझ्याकडे पाहिलं. सिस्टर दारातून आत आली, मला वाटलं रागावणार. पण ती यजमानांकडे बघत होती. "ताई, थांबू नका," ती म्हणाली. यजमानांच्या कपाळावर आठी पडली होती. मी रोजच्या आरतीला सूर लावला की पडायची अगदी तीच आठी.

रविवारी सकाळी त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली, औषधाला यश आलं. त्यांचं म्हणणं खरंच असणार, मी त्यांचेही पाय धरले. काय कशामुळे झालं याचा हिशोब मी कधी मांडला नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दुपारनंतर माझे हात जुळायला लागले, आणि ते यजमानांनी डोळे उघडायच्या आधीच जुळले होते. फर्दापूरला टेप परत द्यायला आम्ही दोघं गेलो तेव्हा पत्थरवाला आपल्या जागेवर बसलेला होता. त्यानं यजमानांना चालताना पाहिलं आणि टेपकडे न बघता आधी चहा सांगितला.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी तो पत्र्याचा डबा उघडला आणि महिनाभर घरच्या टेपवर एकेक कॅसेट ऐकली. प्रत्येकीत ती जागा होती. दीड वर्षातल्या प्रत्येक गुरुवारी, प्रत्येक भजनात. मी उन्हात उभी राहून ज्यांना शिव्या घालत होते, त्या आत माझी न म्हटलेली ओळ उचलत होत्या. मी डबा घेऊन काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, मी यातली एकही ऐकली नव्हती."

"ठाऊक हाय मला. ऐकली असतीस तर भांडायला आली असतीस, का असं करता म्हणून."

"मला वाटलं, मी बेसूर म्हणून तुम्ही मला बाहेर काढलं."

"बेसूर तर तू हाईसच," काकू म्हणाल्या. "लई बेसूर हाईस. पर बेसूर म्हणून कुणी देवाच्या दारातून काढतं व्हय? रांगेत दुसरं कुणी टिकंना, म्हणून तुला धाडली."

"मग मी ऐकत नाही हे माहीत असून जागा कशाला सोडायच्या?"

काकूंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "जागा तुझी व्हती. तू आमच्यासाठी उन्हात उभी, म्हणून तुझी जागा दुसरीला द्यायची? तू म्हण, नाय तर नको म्हणू. ती तुझीच."

मी तिथंच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. देवाबद्दल मला जे काही कळलं आहे ते त्या एका वाक्यात कळलं, त्यापुढे फारसं नाही. मी रुसले, अबोला धरला, त्याच्या असण्यावरच शंका घेतली, आणि त्यानं तेवढा वेळ माझी जागा धरून ठेवली. शरण जायचं म्हणजे काहीतरी मोठं करावं लागत असेल असं मला वाटायचं. आपली ओळ आली की आहे त्या गळ्यानं ती म्हणायची, एवढंच ते होतं.

त्यानंतर यजमान पुष्कळ वर्षं माझ्या सोबत राहिले. आता ते नाहीत, काकू नाहीत, मंडळातल्या बहुतेक जणी नाहीत. शहराचं नाव बदललं, नळ आले, देवळाच्या पत्र्याच्या जागी संगमरवर आला. कालही दुपारी मी ती कॅसेट लावली. टँकर येऊन गेला. काकू म्हणाल्या, "हं, म्हण गं पोरी." मी म्हटली, आणि सगळ्याजणींनी ती उचलली.