हॅरिएटआजींचं भांडं

निघायच्या आधीच भांडण झालं, म्हणजे आमची सहल रीतसर सुरू झाली. जर्सी सिटीतल्या माझ्या बिल्डिंगखाली नलूताईंची मोठी गाडी उभी होती आणि शैला सगळं सामान बाहेर काढून पुन्हा नव्याने लावत होती. शैला मूळची मुंबईची, आता मिशिगनमध्ये नोव्हायला असते आणि मोटारींच्या ब्रेकवर काम करते. वंदना आली होती शिकागोजवळच्या शॉमबर्गहून, पण तिची बॅग थेट नागपूरहून आल्यासारखी वाटत होती. तिच्यात ठेचा होता, शेंगदाण्याची चटणी होती आणि सांबारवडीही (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी, नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि यावर आमचा जुना वाद आहे). मी मेधा, पुण्याची. चूक कुठे आहे ते मला सगळ्यांच्या आधी दिसतं, असं या तिघींचं म्हणणं आहे. मला त्यात चूक काही दिसत नाही.

आम्ही तिघी अमेरिकेत नव्या होतो तेव्हा एकाच इमारतीत राहायचो, आणि तिथे नलूताई आमच्या आधीपासून होत्या. कढीपत्ता कुठे मिळतो इथपासून बर्फात कसं चालायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. पुढे त्या आणि अनंतराव न्यू जर्सीतच, जरा आत, बागेच्या घरात राहायला गेले. त्या भागात बस नाही की ट्रेन नाही. जन्मभर गाडी अनंतरावांनी चालवली. नलूताईंकडे लायसन्स आहे, पण त्यांची धाव लायब्ररीपर्यंत; सहलीसाठी गाडीही शैलाच त्यांच्या घरून घेऊन आली होती. गेल्या वर्षी अनंतराव गेले, आणि मुलगा अमेय मागे लागला की घर विक आणि शॉमबर्गला माझ्याकडे ये. बेसमेंट छान तयार करून घेतलंय म्हणे. त्याचंही चूक नाही. गाडी न चालवता त्या घरात एकटं राहणार कसं?

सहलीच्या आधी नलूताईंनी मला फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "मेधा, मला या ट्रिपमध्ये हायवेवर गाडी चालवून बघायचीय. जमलं तर मी माझ्या घरात राहणार. नाही जमलं तर दिवाळीनंतर बेसमेंट." मी लगेच म्हटलं, का नाही जमणार? असं म्हणायला आपलं काय जातं.

तर निघताना नलूताईंनी प्रथेप्रमाणे चालवणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवली. चालवणारी शैला. गाडी नलूताईंची असली तरी यात चर्चेसारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

कनेटिकट लागल्यावर नलूताईंनी विचारलं, आता घेऊ का? शैला म्हणाली, "इथे ट्रक फार आहेत. पुढचा रेस्ट एरिया येऊ द्या, मग देते." रेस्ट एरिया आला, तिथे आम्ही सांबारवड्या खाल्ल्या, आणि परत गाडीत बसताना शैला सवयीने पुढे जाऊन बसली. मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रॅफिक होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये पाऊस होता. मेन राज्याची हद्द लागली तेव्हा ऊन होतं, रस्ता रिकामा होता, आणि शैलाने कारण शोधलं की आता थोडंच राहिलंय. नलूताई खिडकीबाहेर बघत बसल्या.

मेनचा किनारा कोकणासारखा असेल अशी माझी समजूत होती. तो तसा अजिबात नाही. वाळू कमी, काळे खडक जास्त, आणि खडकांच्या अगदी काठापर्यंत सूचिपर्णी झाडं. पाणी इतकं गार की पाय घातला आणि दाढ दुखली. दुपारी एका धक्क्यावर लॉबस्टर (आपली शेवंड) खाल्ला. गळ्यात प्लॅस्टिकचं लाळेरं बांधतात, हातात अडकित्त्यासारखा चिमटा देतात आणि वाटीत वितळलेलं लोणी. शैलाने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "नुसता उकडलाय यार." तिच्या दृष्टीने नारळ आणि कोकम नसलेला मासा म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. वंदनाने लोण्यात ठेचा कालवला. नंतर शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनीही थोडा मागून घेतला, आणि मग बराच वेळ ते पाणी पीत होते.

आमचं भाड्याचं घर एका छोट्या बेटावर होतं. बेटाला पूल नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो, खडीचा एक उंचवटा उघडा पडतो आणि तोच रस्ता. भरती आली की रस्ता पाण्याखाली. घरमालकाने फ्रिजवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलं होतं आणि त्यावर लाल पेनने लिहिलं होतं की पाणी थांबत नाही. ते मी सगळ्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दीपगृह बघायला गेलो. धुकं इतकं होतं की दीपगृहाचा नुसता भोंगा ऐकू आला. पण पार्किंगची जागा प्रचंड आणि रिकामी होती, त्यामुळे शैलाचा नाइलाज झाला. नलूताई चालकाच्या जागी बसल्या, खुर्ची पुढे घेतली, आरसे लावले आणि गाडी सुरू केली. पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. शैला म्हणाली ब्रेक. मी म्हटलं डावीकडे. मागून वंदना म्हणाली, "सावकाश, सावकाश, खांब आहे बाप्पा." खांब खूप लांब होता. शैला पुन्हा म्हणाली ब्रेक. ब्रेकवर पोट असलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय. नलूताईंनी गाडी थांबवली, बंद केली आणि किल्ली शैलाच्या हातात दिली.

"तुमचं तिघींचं एकमत झालं की मला सांगा," त्या म्हणाल्या.

परतताना गाडी पुन्हा शैलानेच चालवली. मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळं काळजीपोटीच बोललो होतो, आणि नलूताई चालवायला बसल्या की शेजारून अनंतरावही नक्की काळजीपोटीच बोलत असणार.

त्या संध्याकाळी शेजारच्या हॅरिएटआजी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, बेटावर बाराही महिने एकट्या राहणाऱ्या, आणि बोलायला माणूस मिळालं की खूश. त्यांनी निळ्या काठाच्या पसरट भांड्यात ब्लूबेरी पाय आणला होता (पाय म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड करंजीच म्हणा, फक्त ताटाएवढी). आम्ही तो उभ्या उभ्या संपवला. मग भांडं धुऊन, पुसून ओट्यावर ठेवलं, आणि तिथेच आमचा घात झाला.

कारण निघायच्या सकाळी सामान गाडीत भरलं, ओहोटी होती, रस्ता उघडा होता, आणि नलूताई म्हणाल्या, "हे भांडं रिकामं कसं परत द्यायचं?" चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. रिकामं भांडं परत देत नाहीत, यावर पुणे, मुंबई आणि नागपूर यांचं दुर्मिळ एकमत आहे. चिवडा संपला होता. लाडू वाटेतच संपले होते. वंदनाच्या पिशवीत रवा निघाला, फ्रिजमध्ये लोणी होतं, तेव्हा शिरा करायचं ठरलं. मी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं, पण रवा नीट भाजला नाही तर काय उपयोग, हेही मीच म्हणाले.

शिरा घेऊन हॅरिएटआजींकडे गेलो. निरोप घेतला. मग दारात उभं राहून घेतला, पायरीवर घेतला, आणि अंगणात त्यांच्या टोमॅटोंचं कौतुक करून पुन्हा एकदा घेतला. शैला गॅस बंद आहे ना ते बघायला घरात परत गेली. तो विजेवर चालणारा होता. शेवटी गाडी रस्त्यापाशी पोचली तेव्हा खडीच्या मधोमध दोन्हीकडचं पाणी शांतपणे एकमेकांना भेटत होतं. आता संध्याकाळपर्यंत सुटका नव्हती.

आम्ही परत आलो तेव्हा हॅरिएटआजी अंगणात शिरा खात बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, तुम्ही पायरीवर होतात तेव्हाच मी सांगणार होते, पण तुम्ही बोलत होता. मग त्यांनी विचारलं, त्यांचा छोटा पिकअप ट्रक पुतण्याने नेलाय, गुडघा दुखतोय, तर बेटाच्या पलीकडच्या टोकाहून अंडी आणायला कुणी नेईल का? शैलाने खिशात हात घातला. किल्ली तिथे नव्हती. ती नलूताईंच्या हातात होती.

"मी नेते यांना," नलूताई म्हणाल्या. "आम्ही दोघीच जाऊ. तुम्ही तिघी शिंपले वेचा."

आम्ही शिंपले वेचले नाहीत. पायरीवर बसून राहिलो. बेट केवढंसं, वळसा घालायला कितीसा वेळ लागणार? शैला म्हणाली, वाटेत एक उतार आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. वंदना म्हणाली, दोघी गप्प बसा. खूप वेळाने वळणावर गाडी दिसली. ती रस्त्याच्या बरोबर मध्यावरून, बेताच्या वेगाने आली आणि अंगणात अलगद थांबली. हॅरिएटआजी पुढच्या सीटवर अंड्यांचा खोका मांडीवर धरून गाढ झोपल्या होत्या.

शैला त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग नलूताईंना म्हणाली, "माझ्या शेजारी आजवर कुणी झोपलं नाहीये."

नलूताई गाडीतच बसून राहिल्या. "हे शेजारी बसले की वरचा दांडा घट्ट धरायचे," त्या म्हणाल्या. "मग मला रस्ता दिसायचाच नाही, नुसता तो हात दिसायचा. आज प्रथमच रस्ता पाहिला." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि आमचेही. तेवढ्यात हॅरिएटआजी जाग्या झाल्या आणि पोचलो का म्हणून विचारू लागल्या.

संध्याकाळी पाणी उतरलं. या वेळी निरोप एकदाच घ्यायचा, असं ठरवलं होतं. पण हॅरिएटआजी तेच निळ्या काठाचं भांडं घेऊन आल्या, त्यात आता ब्लूबेरीचा केक होता. शैला घाईने म्हणाली, "हे रिकामं करून परत द्यायला लागलो तर आपण दिवाळी इथेच करू. भांडं घेऊन चला." मग ती मागच्या सीटवर जाऊन बसली. वंदनाने पर्समधली साखरेची पुडी फाडली आणि दही नाही म्हणून नुसती साखर नलूताईंच्या हातावर ठेवली. आम्हा दोघींच्या तोंडात तिने बडीशेपेची मूठ कोंबली, म्हणजे बोलायची सोय राहिली नाही.

ओल्या खडीवरून गाडी निघाली. दोन्ही बाजूंना समुद्र होता. शैलाचा उजवा पाय पुढच्या सीटखाली सारखा ब्रेक दाबत होता, पण तोंडातून शब्द निघाला नाही. बडीशेप चावून चावून माझे जबडे दुखले. पलीकडची टेकडी चढून आम्ही गावात आलो, गावातून हायवेवर, आणि हायवेवर लागताना नलूताईंनी एका ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि मग त्याच्यामागून शिरल्या.

थोड्या वेळाने गाडीतला फोन वाजला. अमेय होता.

"आई, कुठे आहात? जरा शैलामावशीला दे."

"शैलामावशी मागे बसलीय. मी चालवतेय. हायवेवर आहे, नंतर बोलू. ठेव आता."

फोन कधी नाही तो असा झटक्यात बंद झाला. 

वाटेत एका मोटेलात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शैला आणि वंदना यांना विमानतळावर सोडून नलूताईंनी मला माझ्या दारात उतरवलं. पुढे त्या एकट्याच जाणार होत्या. मी उतरल्यावर त्यांनी हॅरिएटआजींचं भांडं माझ्या जागेवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. सावकाश जा, आरशात बघा, पुलावर उजवी लेन धरा, असं बरंच मनात आलं. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा." सहली काय, किनारे बघायला करतो आपण. एवढ्या लांब जाऊन एक दीपगृह धड पाहिलं नाही, तरी इतक्या समाधानाने मी आजवर कुठूनच परत आले नव्हते.

फोन आला तेव्हा मी खिडकीतच उभी होते.

"पोचले," नलूताई म्हणाल्या. "आणि ऐक, ऑक्टोबरात झाडांची पानं रंगली की हॅरिएटचं भांडं परत नेऊन द्यायचंय. त्यात काय घालू?"

कोण नेणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हटलं, बेसनाचे लाडू न्या, रस्ता लांबचा आहे.