सुनीताच्या आजोबांचं झाड

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सांगायला सुरुवात दोनदा केली होती — एकदा जेवताना, एकदा देवासला जाताना गाडीत — आणि दोन्ही वेळा ऐन वेळी दुसरंच काहीतरी बोलून बसले. आमटीत मीठ कमी झालंय का, असं काहीतरी. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटतंय. जाईल का? बघू या.

मी धारच्या एका शाळेत अकरावी-बारावीला हिंदी शिकवते. माहेर देवासचं. आमच्या घराण्यातलं कुणीतरी कधीकाळी दरबारात कागद लिहायला होतं, आणि त्या एका माणसाच्या जिवावर आम्ही सगळे अजून स्वतःला लिहिते समजतो. घरात कुणाचं बारसं असो की मुंज, चार ओळी लिहायच्या झाल्या की सगळे माझ्याकडे बघतात. मला ते आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं असावं — किंवा नसेलही. मला हल्ली कुठलंच कारण धड पटत नाही.

आणि हो, शाळेत नकलेच्या विरोधात जी समिती आहे, तिची प्रमुख मीच आहे. हसू नका. प्रार्थनेनंतर मुलांसमोर उभी राहून मी सांगते की दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर खाली त्याचं नाव लिहा, एवढंच तर करायचंय. जिन्याजवळच्या फलकावर ‘अपने शब्द, अपनी मेहनत’ असं लिहिलंय, ते माझं अक्षर आहे. येता-जाता दिसतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात सुनीता होती. मांडूच्या वाटेवरच्या नालछ्याहून बसने यायची, मागच्या बाकावर बसायची, कधी हात वर करायची नाही. त्या वर्षी मुलांना मी प्रकल्प दिला होता — आपल्या गावातल्या एखाद्या गोष्टीवर लिहा. बहुतेकांनी मांडूचे महाल लिहिले, गाइडबुकातून उतरवलेले. सुनीताने गोरखचिंचेवर लिहिलं. तिकडे तिला मांडूची इमली म्हणतात, रस्त्याच्या कडेला तिची ती मोठाली फळं विकायला ठेवलेली असतात. सुनीताचे वडील तीच विकायचे. आणि फळं काढायला झाडावर चढायचे तिचे आजोबा. चढण्यासाठी त्यांनी खोडात खाचा केल्या होत्या, आपल्या पायाच्या मापाच्या. सुनीताने लिहिलं होतं — ‘दादाजी अब नहीं रहे। पेड़ उनके पाँव की जगह धीरे-धीरे भर रहा है।’

मी स्टाफरूममध्ये बसून ते वाचलं आणि मला रडू आलं. खरंच आलं. शेवटच्या पानावर मी लाल शाईने लिहिलं, ‘बहुत सुंदर। ये शब्द तुम्हारे अपने हैं, इन्हें सँभालकर रखना।’ खाली सही केली, तारीख घातली. पण फाइल परत दिली नाही. दाखवायला ठेवते म्हणाले. पुढच्या वर्षी ती बारावी होऊन गेली. तिने फाइल मागितली नाही, मी दिली नाही. ही चोरी होती का? तेव्हा तर मनातही नव्हतं — निदान मला तरी तसं आठवतंय.

मग देवासहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे चुलत काका, तिथल्या मराठी मंडळाचे गणपतीतल्या स्मरणिकेचे संपादक. म्हणाले, “अगं, चार पानं रिकामी पडलीत, प्रेसवाला रोज फोन करून राहिलाय. तू नाही लिहिणार तर कोण लिहिणार?” मी हो म्हणाले. आठ दिवस कोऱ्या कागदासमोर बसले. काहीच सुचेना. माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं, हे मला त्या आठ दिवसांत कळलं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की नवव्या दिवशी मी कपाटातून ती फाइल काढली.

मी ती मराठीत आणली. आता इथे मला जरा थांबू द्या, कारण इथेच माझा सगळा गोंधळ आहे. शब्द तर माझे होते ना? ‘भर रहा है’ याला मी ‘भरून काढतंय’ लिहिलं, ते सुचायला मला एक दुपार लागली. वाक्यं मोडली, पुन्हा जोडली, मांडूची थोडी माहिती घातली. मेहनत केली मी. फक्त आजोबा बदलले. सुनीताचे आजोबा माझे म्हणून कसे लिहिणार — माझे आजोबा आयुष्यात कधी स्टुलावरसुद्धा चढले नसतील. म्हणून मी लिहिलं, ‘गावातला एक म्हातारा’. आणि वर माझं नाव.

लेख गाजला. मंडळापुरता का होईना, पण गाजला. मावशीने फोन केला, नाना भर कार्यक्रमात म्हणाले की घराण्याची लेखणी हिच्याकडे आली. खाचांचं ते वाक्य लोक मला तोंडपाठ म्हणून दाखवायचे. पहिल्यांदा माझे कान तापले. दुसऱ्यांदा कमी. पाच-सहा वर्षांनी तर मला ते झाड मी स्वतः पाहिल्यासारखं आठवायला लागलं. सांगते ना, आठवायला लागलं! त्या खाचांत मी बोटं घालून पाहिली आहेत, असं मी एकदा कुणाला तरी सांगितलंसुद्धा.

आणि भीती? भीती नव्हती. नालछ्यात देवासची मराठी स्मरणिका कोण वाचणार होतं? आमच्या स्वतःच्या घरातली मुलं वाचत नाहीत. बोलतात, पण चार ओळी वाचायच्या म्हटलं की ‘मम्मी, आप ही पढ़ दो’.

त्यातूनच पुढचं घडलं. मंडळाने काही वर्षांनी वेबसाइट काढली. नाना म्हणाले, तरुण मुलांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा चांगले जुने लेख हिंदीत करून टाकू, तुझा आधी हवा. मी मराठी लेख समोर घेतला आणि हिंदी करायला बसले. कंटाळा आला. खरं सांगते, नुसता कंटाळा. हिंदी तर फाइलमध्ये तयार होतं. मी फाइल उघडली आणि बघून टाइप करत गेले, सुनीताचं वाक्य जसंच्या तसं, दादाजी सोडून. दादाजींच्या जागी ‘गाँव का एक बूढ़ा’. शेवटच्या पानावर माझी लाल शाई आली. मी ती वाचली, पान उलटलं आणि लेख पाठवून दिला. या वेळी मेहनतीचं नावसुद्धा घेता येत नाही.

मागच्या वर्षी शाळेने नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर घेतलं. घ्यायला लावणारी मीच. अकरावीचे प्रकल्प त्यातून काढले आणि कम्प्युटरचे सर माझ्याकडे आले, जरा हसतच. म्हणाले, “मैडम, एक लड़की ने तो हद कर दी, सीधे आपका ही लेख उठा लिया.” कागदावर ओळीच्या ओळी लाल झालेल्या होत्या. मुलीचं नाव ममता, गाव नालछा. सुनीताची धाकटी बहीण. सुनीता माझ्या वर्गात होती तेव्हा ही अंगणवाडीत असेल. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी शाळेतून जी तीन नावं जाणार होती, त्यात तिचं पहिलं होतं.

प्राचार्यांच्या खोलीत तिला बोलावलं. प्राचार्य, कम्प्युटरचे सर, मी. ती खोटं बोलली नाही. दीदीच्या जुन्या कच्च्या वहीतून घेतलं म्हणाली. बघा — म्हणजे तिनेही नक्कल केलीच होती की नाही? नियमाप्रमाणे केलीच होती. मी त्या एका गोष्टीला इतकी घट्ट धरून बसले होते की काय सांगू. प्राचार्य म्हणाले, तर मग तुझ्या दीदीने मॅडमचा लेख उतरवला असेल. ममता म्हणाली, “सर, पर ये तो हमारे दादाजी हैं.” प्राचार्य हसले. दादाजी सगळ्यांना असतात, म्हणाले.

मग कम्प्युटरच्या सरांनी मला विचारलं, सहज, नोंद पूर्ण करायची म्हणून — हा लेख आपण कधी लिहिलात? तेवढाच एक प्रश्न होता. ममता माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात संशय नव्हता, तिला वाटत असावं की मॅडम आता काहीतरी सांगतील आणि सगळं सरळ होईल. मी म्हणाले, “बहुत पुराना है। नौकरी लगने के पहले का।”

किती पटकन आलं तोंडातून! मी आतापर्यंत गोल गोल फिरतेय ते या वाक्याभोवती. स्मरणिका, कंटाळा, दुपारभर शोधलेला शब्द — त्या सगळ्यांबद्दल मला वाद घालता येतो, माझ्याशीच घालते. या वाक्याबद्दल येत नाही. मला वर्ष माहीत होतं. आधी कुणी लिहिलं, ते खोलीत फक्त मला माहीत होतं.

तिचं नाव यादीतून काढलं. प्रकल्पाला शून्य. मला उद्देशून तिच्याकडून माफीचं पत्र लिहून घेतलं, तिच्या फाइलला लावलं. आणि मी — मी तिला माफ केलं. सगळ्यांसमोर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, जाने दो सर, बच्ची है। तिने वाकून माझ्या पायाला हात लावला. स्टाफरूममध्ये त्या दिवशी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं, कुणीतरी कचोऱ्या मागवल्या आणि मी त्या खाल्ल्या.

आठवड्याभराने सुनीता आली. आता ती तिकडच्याच एका दवाखान्यात नर्स आहे. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात माझी वाट बघत उभी होती. मला वाटलं, आता ही फाइल मागणार. मागितली असती तर मी दिली असती का? मला माहीत नाही. मी हजारदा स्वतःला विचारलंय.

तिने काही मागितलं नाही. बहिणीच्या वतीने माफी मागायला आली होती. सुट्टी काढून. आणि मग जरा अडखळत म्हणाली, “मैडम, मैं तो इतने साल यही समझती रही कि वो मैंने लिखा था। आपने ही लिखवाया होगा ना क्लास में? मुझे याद नहीं रहा होगा।”

ती मला विचारत होती. स्वतःच्या आजोबांबद्दल, स्वतःच्या वाक्याबद्दल, मला. आणि तिच्या तोंडावर तोच गोंधळ होता जो मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलाय, फरक एवढाच की माझा मी मुद्दाम केलेला होता आणि तिचा मी तिला दिला होता. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही सुनीता, तूच लिहिलंस, माझ्या कपाटात आहे, चल दाखवते. स्टाफरूम दहा पावलांवर होती.

मी मान हलवली. “हाँ,” म्हणाले, “लिखवाया होगा।”

ती हसली. सुटल्यासारखी हसली, म्हणजे बहीण चोर नाही आणि आपणही नाही, नुसती आठवणीची गफलत. डब्यात लिंबाचं लोणचं आणलं होतं माझ्यासाठी. ते देऊन ती नालछ्याच्या बसला गेली. तेव्हापासून ती तसंच समजते. घरीही तसंच सांगितलं असेल. ते झाड बघताना आता तिला काय आठवत असेल?

फाइल अजून कपाटात आहे, लाल शाईसकट. फलक जिन्याजवळ आहे. समितीची प्रमुख या वर्षीही मीच आहे.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा मी मनाशी म्हणाले की मराठीतच लिहावं, मनातलं मराठीत नीट उतरतं. तेही खरं नाही. दिवसभर मी हिंदीतच बोलते, हिंदीतच शिकवते, भांडतेही हिंदीतच. मराठीत लिहिलं, कारण सुनीताला मराठी येत नाही.