अंदाज चुकला त्या दिवशी

विद्यापीठात तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. निवडणुका आणि लोकमत हा तिचा विषय. लोक कुणाला मत देतात आणि का देतात, हे शोधण्यात उभी हयात गेली. पण हे वेड लावलं थोरल्या भावानं. लहानपणी दादा पेपर उघडायचा आणि मुद्दाम उलटंसुलटं बोलून तिला डिवचायचा. मग दोघांची अशी जुंपायची, की आई पेपरच काढून घ्यायची.

पुढे दादा स्वतःच नगरपालिकेला उभा राहिला. एका वार्ताहरानं तिला विचारलं, "तुमचे बंधू निवडून येतील का?" गप्प बसता आलं असतं. पण त्या वॉर्डात तिच्याच विद्यार्थ्यांनी दारोदार फिरून पाहणी केली होती.

"पडतील," ती म्हणाली. ते छापून आलं आणि दादा खरंच पडला.

"हरल्याचं काही नाही गं," तो म्हणाला, "पण पाठची बहीणच असं म्हणते म्हटल्यावर मला मत कोण देणार?"

त्याच्या हरण्यात आपल्या एका शब्दाचा वाटा किती, हे तिला कुठल्याच पाहणीतून कळलं नाही. दादानं अबोला धरला तो धरलाच.

तिचं नाव झालं, निकालाच्या दिवशी टीव्हीवर बोलावणी येऊ लागली. "तू दिसलीस की हे आवाज वाढवतात, बरं का," वहिनी फोनवर हळूच सांगायची. मग ती कॅमेऱ्यासमोर एखादं वाक्य मुद्दाम दादाला खुपेल असं टाकायची. त्यानं ते खोडून काढावं, एवढीच आस. स्टुडिओत मात्र सगळे माना डोलवायचे.

निवृत्तीआधीच्या निवडणुकीत तिचा अंदाज सपशेल आपटला. चारचौघांत शोभा झाली. घरी येऊन चपला काढते न काढते तोच फोन वाजला.

"काय गं, तोंडावर पडलीस की!" आवाज थकलेला, पण खोडी तीच. "अगं, तरुण पोरं तुम्हाला खरं सांगतच नाहीत."

"सांगतात रे," ती म्हणाली. "आम्हीच त्यांना नीट विचारलं नाही."

"मग समोर येऊन भांड. फोनवर मला धड ऐकू येत नाही आता."

रविवारी ती गेली. दोघं तावातावानं बोलत राहिले, वहिनीनं दोनदा चहा गरम केला. एवढ्या वर्षांत किती भांडून झालं असतं, या विचारानं परतताना जिन्यातच तिचा जीव कासावीस झाला.