गळवे मॅडमचा रविवारचा प्रोग्रॅम

"यात एक नाही, चार चुका आहेत. मॅडमना एकदा फोन कर," नसीमनं मला सांगितलं होतं. मी हसले. म्हटलं, बाई गं, या वेळी पेपर अवघड काढलाय, एवढंच.

विट्याच्या गळवे मॅडमनी आम्हा दोघींना कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवलं. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी त्या आमच्या ग्रुपवर पाच-सात ओळींचा सोपा प्रोग्रॅम टाकायच्या आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायच्या. आधी सापडेल तिला शाबासकी. नसीम बोलली त्याच्या अठराव्या दिवशी मॅडम गेल्या. डोक्यात गाठ होती.

दुपार आहे. माझी दहा महिन्यांची ईरा शेजारी झोपलीय. तिच्या छातीवर हात ठेवून मी श्वास मोजतेय. एक, दोन, तीन. आकडे फळ्यावर उमटायला लागतात. पलंगाचं लॅबमधलं बाक झालंय. फळ्यापाशी मॅडम उभ्या आहेत, पदर खोचून. खिडकीत मात्र ईराचे लंगोट वाळतायत.

"एक ते दहा छापायचेत," त्या म्हणतात. "पहिल्या दिवसाचाच प्रोग्रॅम आहे. चालव."

मी चालवते. एक. एक. एक. पडदाभर एकच.

"आकडा वाढवायची ओळ नाहीये, मॅडम." मला शाबासकी हवी असते.

मॅडम फळ्यावरून हात फिरवतात, अंधारात बटण शोधावं तसा. "आहे की. मी लिहिलीय."

"मुद्दाम गाळलीत ना?"

"नाही गं."

बाकांच्या जागी आता दवाखान्यातल्या खुर्च्या आहेत. सगळ्या रिकाम्या.

"मग कुणाला तरी सांगायचं ना, मॅडम."

"मला दिसली असती तर सांगितलं असतं," त्या म्हणतात. आवाजात राग नाही. "तुम्हाला शोधायला शिकवलं होतं मी."

त्या खडू पुढे करतात. ओळ तू लिही, म्हणतात. पण त्यासाठी ईराच्या छातीवरचा हात उचलावा लागेल, आणि तो उचलवत नाही. मॅडम मान हलवतात. वाकून खडू ईराजवळ ठेवतात.

मी दचकून उठते. ईरा जागी आहे, मूठ तोंडाकडे नेतेय. मी बोटं सोडवते. आत खडूचा तुकडा. आमच्या घरात खडू नाही.

तुम्हालाही कुणीतरी नेमानं काही पाठवत असेल. कोडं, पाककृती, नुसतं सुप्रभात. त्यात अलीकडे चुका वाढल्या असतील तर माझ्यासारखं हसू नका. फोनवरही भागवू नका. आज त्यांच्या घरी जाऊन त्यांना बघून या.